कायद्याचा पहारेकरी ते सत्तेचा हस्तक
सोव्हिएत रशियातील सरकारी अभियोक्त्यांची कहाणी

राजकीय विरोधकांना तुरुंगात डांबण्यासाठी हुकूमशाहीला केवळ पोलिस पुरेसे पडत नाहीत. अटकेला मंजुरी देणारा, आरोपपत्रावर सही करणारा आणि न्यायालयात उभा राहून शिक्षेची मागणी करणारा एक अधिकारी लागतो. सरकारी अभियोक्ता हाच तो अधिकारी. अन्यायाला कायद्याचे रूप देण्याचे काम या पदाने किती सराईतपणे केले, याचे सर्वांत ठळक उदाहरण सोव्हिएत संघाच्या इतिहासात सापडते.

‘सम्राटाचा डोळा’

रशियातील या यंत्रणेला ‘प्रोकुरातुरा’ म्हणतात. झार पीटर द ग्रेट याने १७२२ मध्ये ती स्थापन केली. सरकारी कारभारावर लक्ष ठेवणारा हा अधिकारी ‘सम्राटाचा डोळा’ म्हणून ओळखला जाई. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी जुनी यंत्रणा मोडीत काढली; मात्र मे १९२२ मध्ये ती पुन्हा उभी केली. १९३३ मध्ये संपूर्ण संघासाठी एकच अभियोक्ता कार्यालय निर्माण झाले.

या कार्यालयाकडे दोन कामे होती. एक, न्यायालयात सरकारची बाजू मांडणे आणि दुसरे, पोलिसांसह सर्व सरकारी खाती कायद्याने वागतात की नाही, यावर देखरेख ठेवणे. न्यायालयाच्या निर्णयाशिवाय किंवा अभियोक्त्याच्या मंजुरीशिवाय कोणालाही अटक करता येणार नाही, अशी हमी १९३६ च्या राज्यघटनेच्या १२७व्या कलमाने दिली होती. म्हणजे नागरिकाचे स्वातंत्र्य अभियोक्त्याच्या सहीवर अवलंबून होते. ही सही पुढे किती स्वस्त झाली, हे त्यानंतरच्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

व्हिशिन्स्की यांचे खटले

आंद्रेई व्हिशिन्स्की यांचा जन्म १८८३ मधला, ओडेसाचा. ते मूळचे मेन्शेविक. बोल्शेविक पक्षात त्यांनी १९२० मध्ये प्रवेश केला. मॉस्को विद्यापीठाचे रेक्टरपद त्यांनी भूषविले आणि १९२८ च्या शाख्ती खटल्यात ते न्यायाधीश होते. १९३५ मध्ये ते संघाचे मुख्य अभियोक्ता झाले.

ऑगस्ट १९३६ मधील पहिल्या मॉस्को खटल्यात झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह यांच्यासह १६ आरोपी होते. सर्वांना गोळ्या घालण्यात आल्या. जानेवारी १९३७ मधील दुसऱ्या खटल्यात १७ जणांपैकी १३ जणांना, तर मार्च १९३८ मधील तिसऱ्या खटल्यात बुखारिन, रायकोव्ह यांच्यासह २१ जणांपैकी १८ जणांना मृत्युदंड झाला. एकेकाळी लेनिन यांचे सहकारी असलेल्या या आरोपींना व्हिशिन्स्की यांनी भर न्यायालयात पिसाळलेले कुत्रे म्हणून हिणवले.

पुरावा जवळजवळ सर्वस्वी कबुलीजबाबांचा होता आणि तो तपासणाऱ्यांना लगेच भोके दिसली. ट्रॉट्स्की यांच्या मुलाला १९३२ मध्ये कोपनहेगनच्या ‘ब्रिस्टॉल’ हॉटेलात भेटल्याची कबुली एका आरोपीने दिली. ते हॉटेल १९१७ मध्येच पाडलेले होते. प्याताकोव्ह यांनी डिसेंबर १९३५ मध्ये विमानाने ऑस्लो गाठल्याचे सांगितले. त्या महिन्यात तेथील विमानतळावर एकही परदेशी विमान उतरले नसल्याचे नॉर्वेतून जाहीर झाले. तिसऱ्या खटल्यात क्रेस्तिन्स्की यांनी पहिल्याच दिवशी कबुली नाकारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सारे आरोप पुन्हा मान्य केले. कटाच्या खटल्यांत आरोपींच्या जबाबांना मुख्य पुराव्याचे महत्त्व येणे अपरिहार्य असते, असा सिद्धांत व्हिशिन्स्की यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडला. त्या ग्रंथाला १९४७ मध्ये स्टॅलिन पारितोषिक मिळाले.

न्यायालयाविना शिक्षा

हे खटले जगाला दाखविण्यासाठी होते. प्रत्यक्षात बहुसंख्य बळींना न्यायालय पाहायलाही मिळाले नाही. किरोव्ह यांच्या हत्येनंतर १ डिसेंबर १९३४ रोजी आलेल्या कायद्याने दहशतवादाच्या प्रकरणांचा तपास दहा दिवसांत संपविण्याची सक्ती केली, वकील व अपील नाकारले आणि शिक्षा तत्काळ अमलात आणण्याचा हुकूम दिला. जुलै १९३७ च्या ‘००४४७’ क्रमांकाच्या आदेशाने प्रांतोप्रांती ‘त्रोइका’ नेमल्या गेल्या. गुप्त पोलिसांचा प्रमुख, पक्षाचा सचिव आणि अभियोक्ता असे सहसा तिचे तीन सदस्य असत. आरोपी समोर नसताना, केवळ यादी पाहून निकाल दिले जात.

या मोहिमेत अटकेसाठी पूर्वमंजुरीची गरज नाही, असे व्हिशिन्स्की यांनीच आपल्या हाताखालच्या अभियोक्त्यांना कळविले. राज्यघटनेने दिलेली हमी तिच्या रखवालदारानेच काढून घेतली. परकीय वंशाच्या नागरिकांविरुद्धच्या मोहिमांत तर मॉस्कोत येणाऱ्या याद्यांवर येझोव्ह आणि व्हिशिन्स्की या दोघांच्या नावे मंजुरी होई. सोव्हिएत दप्तरांतील नोंदींनुसार १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना राजकीय आरोपांखाली गोळ्या घालण्यात आल्या. सरोजिनी नायडू यांचे बंधू, क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे याच काळात लेनिनग्राडमध्ये पकडले गेले आणि १९३७ मध्येच मारले गेले.

या यंत्रणेने आपल्या माणसांनाही सोडले नाही. पहिले संघ अभियोक्ता अकुलोव्ह यांना १९३७ मध्ये, तर शाख्ती खटल्यातील अभियोक्ता क्रिलेन्को यांना १९३८ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. व्हिशिन्स्की मात्र परराष्ट्रमंत्री झाले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांतील सोव्हिएत प्रतिनिधी म्हणून काम करीत असताना निधन पावले. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

गोळीऐवजी कलम

स्टॅलिननंतर मुख्य अभियोक्तापद रोमान रुदेन्को यांच्याकडे आले. न्यूरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएत बाजू मांडणारे हेच गृहस्थ १९५३ ते १९८१ या पदावर होते. हजारो मृतांना निर्दोष ठरविण्याची कागदपत्रे याच कार्यालयातून निघाली आणि नव्या विरोधकांवरचे खटलेही येथूनच उभे राहिले. लेखक सिन्याव्हस्की व डॅनियल यांना १९६६ मध्ये, परदेशात प्रसिद्ध केलेल्या लिखाणाबद्दल, ‘सोव्हिएतविरोधी प्रचारा’च्या ७०व्या कलमाखाली अनुक्रमे सात व पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी व्यवस्थेची ‘बदनामी’ करणाऱ्यांसाठी १९०-१ हे नवे कलम आले.

अणुशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांना ऑगस्ट १९७३ मध्ये उपमुख्य अभियोक्ता मल्यारोव्ह यांनी बोलावून, परदेशी पत्रकारांना भेटू नका, अशी ताकीद दिली. साखारोव्ह यांनी तो संवाद आठवून लिहून काढला आणि त्याच पत्रकारांच्या हाती दिला. २२ जानेवारी १९८० रोजी त्यांना रस्त्यात अडवून अभियोक्ता कार्यालयात नेण्यात आले. तेथे रेकुन्कोव्ह यांनी त्यांचे सन्मान काढून घेणारा हुकूम वाचून दाखविला आणि त्याच दिवशी त्यांची गॉर्की शहरात रवानगी झाली. खटला नाही, निकाल नाही. डिसेंबर १९८६ पर्यंत ते तेथेच होते.

वर्तुळ पूर्ण

बुखारिन, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह यांना १९८८ मध्ये निर्दोष ठरविण्यात आले. ऑक्टोबर १९९१ च्या रशियन कायद्याने राजकीय दडपशाहीच्या बळींची प्रकरणे पुन्हा तपासण्याचे काम अभियोक्त्यांवरच सोपविले. या बळींच्या नावांची नोंद ठेवण्यासाठी ‘मेमोरियल’ ही संस्था उभी राहिली होती आणि साखारोव्ह तिचे पहिले मानद अध्यक्ष होते.

२८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. मागणी मुख्य अभियोक्ता कार्यालयाची होती. ही संस्था सोव्हिएत संघाची दहशतवादी राष्ट्र अशी खोटी प्रतिमा उभी करते, असा युक्तिवाद अभियोक्त्याने केला. पुढच्याच वर्षी ‘मेमोरियल’ नोबेल शांतता पारितोषिकाची सहमानकरी ठरली.

कायदे बदलले, राज्यघटना बदलल्या, देशाचे नावही बदलले. अटकेच्या कागदाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार सोव्हिएत अभियोक्त्याकडे कागदोपत्री कायम होता. तो वापरणाऱ्याला संरक्षण देणारे स्वतंत्र न्यायालय मात्र त्याच्या पाठीशी कधीच उभे नव्हते.