पाचशे डॉलरच्या गाड्या आणि मेस्त्रीकाकांची मजुरी

आज सुरुवात एका कागदानं करतो. वहीचं फाडलेलं पान आहे, कोपऱ्यावर ऑईलचा अंगठा उमटलाय. वाचतो, ऐका.

इंजिन, म्हणजे क्रँक, बोअर, पिस्टन, सील, क्लच प्लेटा: १७,५००. क्रोम: ११,०००. डेंटिंग-पेंटिंग: ९,५००. रिम, स्पोक, टायर-ट्यूब: ९,०००. वायरिंग आणि दिवे: ५,५००. सीट, केबली, रबरं: ४,५००. आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, मजुरी: ८,०००. एकूण ६५,००० रुपये.

हे माझ्या बाबांच्या येझदीचं एस्टिमेट. १९८६ची गाडी. बाबांनी ती सांगलीत वीस वर्षं चालवली, मग ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि तिथंच राहिली. मी पुण्यात हिंजवडीला कोड लिहितो. गेल्या दिवाळीला घरी गेलो, वरचं पोतं काढलं, आणि ठरवलं की ही गाडी परत रस्त्यावर आणायची.

आज जुनी गाडी उभी करायला किंवा कस्टम बाईक बनवायला किती खर्च येतो, हे बोलायचंय. पण आकडा सांगून मोकळा झालो तर भाग दोन मिनिटांत संपेल. मला बोलायचंय ते या आकड्यात कुणाचे हात मोजले जातात यावर. आणि त्यासाठी आपल्याला सांगलीहून थेट लॉस एंजेलिसला जावं लागणार आहे. पण आधी येझदी.

ज्यांनी ही गाडी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची कंपनी. भारतात इराणी कुटुंबानं म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१पासून तिथं जावा बनायला लागली. १९७०च्या दशकात नाव बदलून येझदी झालं, इराणमधल्या यझ्द शहरावरून. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि एक गंमत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच! किक मारायची, दांडा पुढं वळवायचा, तोच गिअर. नवीन पोरगा गाडीवर बसला की हमखास फसतो. मीपण फसलो.

१९९६ला तो कारखाना बंद पडला. आता विचार करा, ज्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट तीस वर्षांपूर्वी संपलाय ते तुम्हाला प्रॉडक्शनमध्ये चालवायचंय. पार्ट शोधणं म्हणजे पुण्यात नाना पेठ पालथी घालायची, जुन्या बाजारात रविवारी सकाळी जाऊन पथारीवर डोळे लावायचे. मिळाला तर दुकानदार सांगेल तो भाव. नाही मिळाला तर लेथवाल्याकडून बनवून घ्यायचा. म्हणून पार्टांच्या भावात घासाघीस चालत नाही.

मग घासाघीस कुठं चालते? मजुरीत. मी तेच केलं. कागद हातात घेतला आणि म्हणालो, "मेस्त्रीकाका, मजुरी जरा जास्त वाटतेय, सात करा ना." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं, सात." संपलं. मला वाटलं, वा, हजार रुपये वाचवले.

याच्या आधी मी पुण्यातल्या एका भारी स्टुडिओतही विचारून आलो होतो. नाव घेत नाही. तिथं मला लॅपटॉपवर स्केच दाखवलं. माझी येझदी कॅफे रेसर होणार होती. खाली झुकलेलं हँडल, मागं एकट्याची कुबडवाली सीट. आकडा होता ३ लाख १० हजार. त्या कोटेशनमध्ये मजुरी हा शब्दच नव्हता. 'डिझाईन आणि बिल्ड' अशी ओळ होती, १ लाख ४० हजारांची. आणि खरं सांगतो, तिथं मी घासाघीस केली नाही. लाज वाटली. नाही परवडत म्हणून गपचूप बाहेर आलो.

ही गोष्ट तेव्हा डोक्यात आली नव्हती. नंतर या भागासाठी वाचायला बसलो तेव्हा टोचायला लागली.

कस्टम बाईक आज श्रीमंतांची हौस आहे. पण ती जन्माला आली स्वस्ताईतून. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसननं सैन्यासाठी सुमारे ९० हजार गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेल्या गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या. घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी त्या घेतल्या. गाडी जड होती, म्हणून पुढचं मडगार्ड काढून टाक, मागचं काप, नको ते सगळं उतरव. कापणं म्हणजे इंग्रजीत चॉप, त्यावरून चॉपर. कॅफे रेसरचंही तसंच. १९५०-६०च्या दशकात लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी पोरं कामगार घरांतली होती. रेसिंगची गाडी घेणं शक्य नव्हतं, मग एका कंपनीची चेसिस, दुसरीचं इंजिन, असं जोडून ती स्वतःची गाडी बनवायची. ट्रायम्फचं इंजिन आणि नॉर्टनची चेसिस, नाव ट्रायटन. आपल्या भाषेत जुगाड.

आता येऊया जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चॉपरकडं. १९६९ला 'ईझी रायडर' नावाचा सिनेमा आला. पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर, दोन मित्र मोटारसायकलवरून अमेरिका पालथी घालतात. फोंडाच्या गाडीचं नाव 'कॅप्टन अमेरिका'. टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला, लांबच लांब पुढचा फोर्क, सगळीकडं चकाकणारं क्रोम. गाडी पाहिली नसेल तरी तिची नक्कल तुम्ही कुठल्या तरी टी-शर्टवर नक्की पाहिलीये.

सिनेमासाठी अशा चार गाड्या बनल्या, दोघांसाठी दोन-दोन. आणि त्यासाठी घेतल्या होत्या पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले. साधारण ५०० डॉलरला एक. तेव्हा डॉलर साडेसात रुपयांचा होता, म्हणजे ३,७५० रुपये. बस, एवढंच लोखंड.

मग या लोखंडाची ती गाडी कशी झाली? इथं जरा इंजिनियर होऊ द्या मला. हँडलचा दांडा चेसिसमध्ये जिथं बसतो त्याला गाडीची मान म्हणतात. चॉपरमध्ये ती मान कापून, जास्त कलवून, परत वेल्ड करतात. त्यानं पुढचं चाक लांब जातं. पण चाक लांब गेलं की गाडीचा तोल बदलतो, वळवायला जड होते, फोर्क लांब करावा लागतो, मग उंची बदलते. एक फंक्शन बदललं की दहा ठिकाणी एरर, तसंच. आणि इथं अनडू नाही. वेल्ड कच्चा राहिला तर शंभरच्या स्पीडला माणूस रस्त्यावर. हे काम चित्रातून होत नाही, हातातून होतं.

ते हात कुणाचे होते? क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी. दोघंही कृष्णवर्णीय. व्हॉज हे नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते आणि फोटोग्राफर, गाड्यांची सगळी जुळवाजुळव त्यांची. हार्डी हे लॉस एंजेलिसच्या साऊथ सेंट्रल भागातले मेस्त्री, तिथं त्यांचं गॅरेज होतं. आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत? दोघांचंही नाव नाही. चित्रीकरण पूर्ण होण्याआधीच व्हॉज यांना त्या कामातून काढलं गेलं. पुढं कित्येक वर्षं त्या गाडीचं नाव निघालं की लोकांना फोंडा आठवायचा. हार्डी १९९४ला वारले. त्यांचं नाव मोठ्या प्रमाणावर लिहिलं-बोललं जायला लागलं ते त्यानंतर.

गंमत बघा. सिनेमा ज्या रस्त्यांवरच्या स्वातंत्र्याची गोष्ट सांगतो, त्यात ती गाडी बनवणाऱ्यांसारखा माणूस एकाही मोठ्या भूमिकेत नाही.

गाड्यांचं काय झालं? चित्रीकरण संपत आलं तेव्हा तीन चोरीला गेल्या. चौथी शेवटच्या दृश्यात मोडली, तिच्या उरलेल्या भागांवरून पुढं परत उभी केली. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात 'कॅप्टन अमेरिका' म्हणून एक गाडी लिलावाला आली. बोली गेली १३ लाख ५० हजार डॉलरवर! तेव्हाच्या भावानं आठ कोटींच्या वर. आणि लगेच वाद सुरू झाला की ही खरी का दुसरी एक गाडी खरी? कारण एकाच माणसानं वेगवेगळ्या वेळी दोन्ही गाड्या खऱ्या असल्याचं सांगितलं होतं.

म्हणजे कुठलं लोखंड खरं, यावर कोट्यवधींचं भांडण. पण ज्या गोष्टीवर वाद नाही ती अशी, की पाचशे डॉलरच्या पोलिसी हार्लेत आणि या गाडीत जो फरक आहे तो एका गॅरेजमध्ये घडला. आणि ते गॅरेज कुणाचं हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

हे वाचलं त्या रात्री मी सांगलीचा कागद परत काढला.

तोपर्यंत कॅफे रेसरचा विषय तसाही संपला होता. कारण कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावून सांगितलं. म्हणजे चेसिस कापून हौस केली तर आरटीओत रडायची वेळ. शिवाय २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षं जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. बाबांची येझदी २०३६ला पन्नाशीची होईल. म्हणून ठरवलं, कापाकापी नाही, होती तशीच करायची. तुम्ही कस्टमचा विचार करत असाल तर पैशांआधी हे तपासा, कारण हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

तर मी मेस्त्रीकाकांना दर रविवारी फोन करायला लागलो. या आठवड्यात काय झालं, किती वेळ गेला? आधी ते हसायचे. "तुमच्या कंपनीत असं विचारतात व्हय?" मी म्हटलं, हो काका, टाईमशीट भरायला लागते. मग सांगायला लागले. गंजलेले बोल्ट न तोडता सोडवायला दोन दिवस. सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढायला एक सकाळ. क्रँक सरळ बसला का ते परत परत बघण्यात एक अख्खा दिवस. स्पोक एकेक करून आवळत चाक डुलायचं थांबेपर्यंत एक संध्याकाळ. अकरा आठवड्यांत मिळून साधारण ९० तास.

सात हजार भागिले नव्वद. तासाला ७८ रुपये. माझ्या ऑफिसखालची कोल्ड कॉफी याच्यापेक्षा महाग आहे. आणि त्यातले हजार मी घासाघीस करून कमी केले होते! क्रोमवाल्याला अकरा हजार दिले तेव्हा एक शब्द बोललो नव्हतो, कारण क्रोम चमकतं. मेस्त्रीकाका एकदा सहज बोलून गेले होते, "रंग सगळ्यांना दिसतो. बेरिंग बसवलेलं कुणाला दिसत नाही, ते वाजलं की मग दिसतं."

गाडी आणायला गेलो तेव्हा बाबांनी किक मारली. तिसऱ्या किकला लागली. तो आवाज मी मायक्रोफोनवर धरलाय, भागाच्या शेवटी ऐकवतो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त हेल्मेट न घालताच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. आईनं त्यासाठी संध्याकाळी वेगळं ऐकवलं.

मी ठरलेले सात दिले आणि घरी आल्यावर फोनवरून अजून आठ पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. "हे काय चुकून आलं का?" मी म्हटलं, चुकून नाही, मजुरी आहे. ते चिडले. "ठरलं ते ठरलं. आता बदलून मला कमीपणा आणतोस काय?" मला कळेना काय बोलावं. मीच सात ठरवले होते, आणि आता मोठेपणाही मीच करायला निघालो होतो. शेवटी बाबांनी फोन घेतला. दोघांचं काय बोलणं झालं ते मला पूर्ण ऐकू आलं नाही, पण निकाल असा लागला की ते पैसे पुढच्या सर्व्हिसांचे आगाऊ म्हणून जमा.

एक गोष्ट मात्र त्यांनी मान्य केली. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, रंगाच्या बारीक ब्रशनं, त्यांचं नाव आणि तारीख. आधी म्हणाले, "नाव कशाला, पोलिसांनी गाडी धरली तर माझ्याकडं येतील." पण लिहिलं. अक्षर सुरेख आहे. इथं ते नाव मी घ्यायचं नाही असं त्यांनी बजावलंय. आधीच कामं तुंबलीत, आणखी गर्दी नको म्हणे.

तर मंडळी, खर्च किती आला? ठरला होता त्यापेक्षा जास्त, आणि खरंतर अजूनही कमीच. तुम्ही जुनी गाडी उभी करायला काढलीत तर एस्टिमेटमधली सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. घासाघीस करायचीच असेल तर करा, पण आधी तास विचारा.

आता हेडफोन नीट लावा. ही घ्या बाबांची तिसरी किक. पुढच्या भागात भेटू.