संघटनमंत्र्याचा माळवा

शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी उज्जैनमधली मराठी वस्ती उठली नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले आणि माळव्यात निवडणुकांचे राजकारण सुरू झाले. इथे जनसंघ रुजवला तो धारला १९२२ मध्ये जन्मलेल्या कुशाभाऊ ठाकरे यांनी. १९४२ मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले. रतलाम, उज्जैन, मंदसौर, झाबुआ हा त्यांचा सुरुवातीचा टापू. १९५६ मध्ये ते जनसंघाचे मध्य प्रदेशचे संघटनमंत्री झाले.

लग्न नाही, संसार नाही. मंत्रिपद त्यांनी कधी घेतले नाही. १९७९ च्या पोटनिवडणुकीत खंडव्यातून लोकसभेवर गेले आणि पुढच्याच वर्षी हरले. तेवढीच त्यांची खासदारकी. आणीबाणीत मात्र एकोणीस महिने तुरुंगात काढले.

त्यांनी बांधलेल्या जाळ्याचे पीक उज्जैनमध्ये दिसले. १९६७ मध्ये ही लोकसभेची जागा जनसंघाचे हुकुमचंद कछवाय यांनी जिंकली, आणि १९७१ च्या इंदिरा लाटेतही ती पक्षाकडेच राहिली.

पण १९६७ नेच पक्षाच्या तत्त्वनिष्ठेची परीक्षाही घेतली. विधानसभेत जनसंघाचे ७८ आमदार होते, बहुमत काँग्रेसचे. जुलैमध्ये गोविंद नारायण सिंह काँग्रेसचे ३६ आमदार घेऊन फुटले, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनी सूत्रे हलवली आणि मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले. नव्या सरकारात जनसंघाचे वीरेंद्रकुमार सकलेचा उपमुख्यमंत्री झाले. आयाराम-गयारामांच्या खांद्यावर बसून मिळालेली ही सत्ता दोन वर्षेही टिकली नाही. १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह काँग्रेसमध्ये परतले. कुशाभाऊंचा स्वतःचा हात स्वच्छ होता, पण पक्षाच्या हिशेबात तेवढ्याने भागत नव्हते.

शिस्तीचीही किंमत मोजावी लागली. १९९८ ते २००० या काळात ते जनसंघाचा वारसा चालवणाऱ्या भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पंतप्रधान वाजपेयींवर उघड टीका करणाऱ्या उत्तर प्रदेशच्या कल्याणसिंहांना १९९९ च्या डिसेंबरात सहा वर्षांसाठी पक्षाबाहेर काढले गेले. २००२ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे पक्ष १७४ वरून ८८ जागांवर आला.

कुशाभाऊ २८ डिसेंबर २००३ रोजी वारले. मार्च २०२० मध्ये विजयाराजेंचे नातू ज्योतिरादित्य यांच्या पाठोपाठ काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि भाजप पुन्हा भोपाळमध्ये सत्तेवर आला. दुसऱ्या वर्षी तिथल्या मिंटो हॉलला कुशाभाऊंचे नाव देण्यात आले. १९६७ मध्ये मध्य प्रदेशची विधानसभा याच इमारतीत भरत असे.