पॅरामेडिकल अभ्यासक्रम : प्रवेशापूर्वी कर्ज आणि कमाईचा हिशेब मांडा

अमरावती - बारावीचा निकाल लागला की राजकमल चौकापासून अकोल्याच्या सिव्हिल लाईन्सपर्यंत पॅरामेडिकल अभ्यासक्रमांचे फलक झळकू लागतात. ‘सहा महिन्यांत नर्सिंग’, ‘एका वर्षात लॅब टेक्निशियन’, ‘शंभर टक्के नोकरी’ अशी त्यांची भाषा असते. वैद्यकीय प्रवेश न मिळालेल्या किंवा घरच्या परिस्थितीमुळे लवकर कमावते होणे भाग असलेल्या विद्यार्थ्यांचा ओढा या अभ्यासक्रमांकडे असणे स्वाभाविक आहे. अकोल्यात बुलडाणा आणि वाशीमचे रुग्ण येतात. अमरावतीत इर्विन, डफरीन व खासगी रुग्णालयांसह २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. काम आहे, यात शंका नाही. मात्र त्या कामाचे मोल किती आणि त्यासाठी काढलेले कर्ज किती, हे गणित प्रवेश अर्ज भरण्याआधीच मांडले पाहिजे.

पहिला प्रश्न नोंदणीचा

प्रमाणपत्रावर ‘नर्सिंग’ हा शब्द असला म्हणजे ते धारण करणारी व्यक्ती परिचारिका ठरत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते ती दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ प्रमाणपत्रावर रुग्णालयात मदतनिसाचे काम मिळू शकते. सरकारी अधिपरिचारिकेच्या पदासाठी अर्ज करता येत नाही. २०२३ च्या भरतीत या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये होती. दोन्ही वाटांमधील खरे अंतर हे आहे. अर्थात, जीएनएम झालेल्या प्रत्येकीला सरकारी नोकरी मिळतेच असे नाही. तेव्हा कर्जाचा हिशेब या आकड्यावर नव्हे, तर शहरातील खासगी रुग्णालय पहिल्या वर्षी जे देते त्यावर करावा.

प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान दोन वर्षांत विभागलेल्या दोन हजार तासांच्या शिक्षणाची अट आहे. एका वर्षाच्या प्रमाणपत्रासाठी मोठी रक्कम मोजणाऱ्यांनी ही अट ध्यानात घ्यावी. ‘डीएमएलटी करा आणि स्वतःची लॅब टाका’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. परंतु पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे लॅबचे संभाव्य उत्पन्न गृहीत धरून कर्ज काढणे धोक्याचे ठरते.

हप्त्याचे गणित

समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे दोन लाख रुपये ११ टक्के व्याजाने उचलले. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. ही सवलत हप्त्याची असते, व्याजाची नाही. या काळात सरळव्याजाने ५५ हजार रुपये चढतात आणि परतफेड २ लाख ५५ हजारांपासून सुरू होते. मुदत पाच वर्षांची असल्यास हप्ता सुमारे ५,५४५ रुपये, तर एकूण परतफेड ३ लाख ३२ हजारांच्या पुढे. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ३,५१० रुपयांच्या आसपास उतरतो, पण एकूण रक्कम ४ लाख २१ हजारांवर जाते.

आता पहिला पगार बारा हजार रुपये धरा. पाच वर्षांच्या मुदतीत जवळपास निम्मा पगार हप्त्यात गेला. मुलगी अंजनगावहून किंवा धारणीहून शहरात आलेली असेल, तर उरलेल्यात खोलीभाडे, डबा आणि एसटीचा खर्च बसवायचा. घरून मदत मिळेल म्हणावे, तर वऱ्हाडात कपाशी आणि सोयाबीनचा पैसा हंगामात येतो आणि हप्ता दरमहा असतो. कर्जावर सहकर्जदार म्हणून पालकाची सही असते; हप्ते थकले की नोंद दोघांच्याही नावावर होते.

बँकेचे कर्ज मिळत नाही म्हणून संस्थाच एखाद्या वित्तसंस्थेची ‘सोपी हप्ता योजना’ पुढे करते, तेव्हा विशेष सावध राहावे. बँक नकार देते त्यामागे पुष्कळदा अभ्यासक्रमाची मान्यता हेच कारण असते. कौशल्य कर्ज योजनेची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. मात्र मर्यादा वाढली म्हणून तेवढे कर्ज उचलण्याचे कारण नाही.

कर्ज टाळण्याच्या वाटा

रुग्णसेवा सहायकाचे, म्हणजे ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चे प्रशिक्षण २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत विनाशुल्क दिले गेले आहे. त्याच कामाच्या प्रमाणपत्रासाठी खासगी संस्थेत पाऊण लाख भरण्यापूर्वी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात एक चक्कर मारावी. शासकीय संस्थांतील एएनएम, जीएनएम आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील बीपीएमटी यांचे शुल्क खासगीच्या तुलनेत बरेच कमी असते. जागा थोड्या, हे खरे. पण एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करणे काहींना कर्जापेक्षा स्वस्त पडते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी दिली आहे. ती प्रत्येक प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला लागू आहे असे समजू नये; महाडीबीटी पोर्टलवर संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव दिसते का, ते स्वतः पाहावे.

संस्थेत गेल्यावर मान्यतापत्राची प्रत मागावी आणि त्यावरील शैक्षणिक वर्ष वाचावे. परिषदेच्या यादीत नाव आहे का, हे वेगळे तपासावे. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या, आठवड्यातून किती दिवस, हे लेखी घ्यावे. शुल्काची पावती संस्थेच्या नावाची असावी. वसतिगृह, गणवेश, परीक्षा शुल्क आणि नोंदणी शुल्क धरून एकूण आकडा विचारावा, आणि मध्येच शिक्षण सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, तेही. मूळ गुणपत्रिका संस्थेकडे ठेवून घेण्याचा आग्रह होत असेल, तर पडताळणीनंतर ती त्याच दिवशी परत मागून घ्यावी.