कषाय : पर्याय की पूर्वज?

हल्ली डॉक्टरांनी चहा-कॉफी वर्ज्य केलेले एखादे माणूस प्रत्येक घरात असते. कारण रक्तदाबाचे असो, आम्लपित्ताचे असो वा निद्रानाशाचे, पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग चहाऐवजी काय घ्यायचे?’ या ‘ऐवजी’पाशी इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला अडखळायला होते. आपल्या बेळगाव-कारवार-गोवा पट्ट्यात धने-जिऱ्याचा कषाय आधीचा, चहा नंतरचा. पूर्वजाला पर्याय म्हणण्याची ही तऱ्हा गमतीची आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात कषायाचे पाच प्रकार दिले आहेत : स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. शृत म्हणजे उकळून आटवलेला. त्यालाच क्वाथ म्हणतात आणि आपला ‘काढा’ त्यावरून आला. शीत म्हणजे वनस्पती रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलेला. उन्हाळ्यात धन्याचे पाणी आपण असेच करतो. फांट म्हणजे गरम पाण्यात वनस्पती टाकून, थोडी मुरू देऊन गाळलेला. आज कागदी पुडी कपात बुडवून ‘हर्बल टी’ म्हणून जे मिळते, ते हेच! शार्ङ्गधराने प्रमाणेही सांगितली आहेत : काढ्याला सोळापट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरवायचा, फांटाला चौपट पाणी पुरे. आपल्या स्वयंपाकघरात इतके आटवायला सवड कोणाला? तेव्हा घरचा कषाय काढा आणि फांट यांच्या मधला कुठेतरी असतो.

शब्दाचे म्हणाल तर ‘कषाय’ मराठीत आणि कानडीत एकच. गवती चहाचे मात्र तसे नाही. आपण त्याचे नाव चहावरून ठेवले, बडोद्याकडे गुजराती लोक ‘लीली चा’ म्हणतात, आणि आपला कानडी शेजारी म्हणतो ‘मज्जिगे हुल्लु’, म्हणजे ताकाचे गवत. गवत तेच, परसही एकमेकांना लागून. पण आपल्या नावात चहा घुसला, त्याच्या नावात ताक राहिले. नुसत्या गवती चहात कॅफिन नसते, हेही सांगायला हवे. आपण तो चहापत्तीबरोबर उकळतो आणि औषध घेतल्याचे समाधान मानतो, ती गोष्ट वेगळी. ‘ग्रीन टी’ तर मूळ चहाच्याच झाडाचा.

चहा घरोघर आपोआप पोचला नाही. 1903 साली सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. आधी रोख परदेशी गिऱ्हाइकावर होता. 1930 नंतरच्या मंदीत माल पडून राहू लागला, तेव्हा देशातल्या माणसाकडे जोराने लक्ष गेले. चहा कसा करावा हे शिकवणाऱ्या पाट्या रेल्वे स्थानकांवर लागल्या. कषायाची पाटी कोणी कशाला लावील? धने-जिरे विकून कोणाचे मळे चालत नव्हते.

कॉफीच्या नकलांचा इतिहास निराळा, तो टंचाईचा आहे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने 1781 मध्ये खाजगी रीतीने कॉफी भाजण्यावर बंदी घातली आणि वासावरून चोर पकडायला निवृत्त सैनिक नेमले! नेपोलियनने 1806 मध्ये इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा फ्रान्समध्ये चिकोरीच्या भाजलेल्या मुळांना बरकत आली. चिकोरीत कॅफिन नाही. पण आपल्याकडच्या चिकोरीमिश्रित पुडीत कायद्याने निम्म्याहून अधिक कॉफीच असावी लागते, म्हणून वर्ज्य असलेल्यांनी त्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे टाकळ्याच्या आणि भेंडीच्या बिया भाजूनही ‘कॉफी’ करतात. रंग जमतो, चवीबद्दल मी गप्प बसतो.

गव्हाच्या कॉफीची कथा मात्र टंचाईची नाही. गांधीजींनी 1913 साली दक्षिण आफ्रिकेतल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तीत चहा, कॉफी, कोको तिन्ही सोडायला सांगून त्यांनी गहू लाल होऊन काळपट दिसू लागेपर्यंत भाजून दळण्याची कृती दिली. कारणे केवळ प्रकृतीची नव्हती. कोकोच्या मळ्यांतल्या मजुरांचे हाल डोळ्यांनी पाहिले तर तो प्यावासाच वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पेयाचा विचार करताना मजुराची आठवण ठेवणारा हा लेखक 1924 च्या डिसेंबरात आपल्या बेळगावात काँग्रेसचा अध्यक्ष होता.

आज पाहुण्यापुढे कषाय ठेवला तर तो विचारतो, ‘घरात कोणी आजारी आहे का?’ चहा मानाचा आणि कषाय दुखण्याचा, अशी वाटणी शंभर वर्षांच्या आत झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या हातात या पुडीचे प्रमाण होते, ते कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या घरचे देतो : चार वाट्या धने, दोन वाट्या जिरे, एक वाटी बडीशेप, चमचाभर मेथी, दोन चमचे मिरी आणि सुंठीचा बोटभर तुकडा. मंद आचेवर वेगवेगळे भाजावे, मेथी करपू देऊ नये. कपभर पाण्याला एक चमचा पूड आणि गूळ घालून उकळावे, गाळावे. दूध हवे असल्यास भांडे खाली उतरवून मगच घालावे. गुळाबरोबर उकळले तर नासते.