सेवेला डिगरी कायले?

माझी धाकटी बहीण एमएसडब्ल्यूला प्रवेश घेऊन घरी आली, तेव्हा बाबांनी तिला एकच प्रश्न विचारला. "समाजसेवा कराले दोन वर्साची डिगरी कायले लागते व?"

आमचं घर भंडाऱ्याचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या डिगरीबद्दल असा प्रश्न घरात कधी निघाला नाही, कारण तिच्या पलीकडे पगार दिसत होता. खरं सांगायचं तर बहिणीच्या वेळी माझ्याही मनात बाबांचाच प्रश्न होता, मी फक्त बोललो नाही. पुढे तिची पुस्तकं चाळताना कळलं, की हा प्रश्न आमच्या घरातला नाहीच. महाराष्ट्रात तो शंभर वर्षं विचारला जातोय.

आपल्याकडे सेवा म्हटलं की आधी त्याग आठवतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. तिथे येणारा माणूस आयुष्य देशाला वाहून टाकायची शपथ घ्यायचा आणि जेमतेम निर्वाहापुरता पैसा घ्यायचा. पण ही बाजू सांगितली जाते, दुसरी राहून जाते. नव्या सदस्याला आधी पाच वर्षं प्रशिक्षण घ्यावं लागे. नुसती तळमळ पुरत नाही, हे गोखल्यांना ठाऊक होतं. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं असं तिचं काम होतं आणि स्वयंसेवकांसाठी छोटे प्रशिक्षणवर्गही तिने घेतले.

शिकण्याचं रीतसर घर मात्र नागपाड्यात उभं राहिलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. त्यांनी 1926 मध्ये मुंबईतल्या या दाट वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केलं. कल्पना बाहेरून आलेली होती. लंडनमध्ये 1884 साली टॉयन्बी हॉल आणि शिकागोत 1889 साली हल हाऊस याच विचारातून उभे राहिले होते. गरिबांना मदत पाठवायची नाही, त्यांच्या शेजारी जाऊन राहायचं. नागपाड्यात काम करताना मॅनशार्टना जाणवलं, की चांगल्या मनाची माणसं मिळतात, शिकलेली मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून 1936 मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. भारतातलं समाजकार्याचं हे पहिलं विद्यालय. 1944 मध्ये त्याचं नाव बदललं आणि आज आपण त्याला टिस म्हणून ओळखतो.

शाळा वस्तीत होती, ही गोष्ट महत्त्वाची. वर्गाच्या दाराबाहेरच अभ्यासाचा विषय होता. आजही समाजकार्याच्या अभ्यासक्रमाचा कणा 'क्षेत्रकार्य' हाच आहे. विद्यार्थी आठवड्यातले ठरलेले दिवस एखाद्या गावात, वस्तीत किंवा संस्थेत काढतो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि ती नोंद घेऊन शिक्षकासमोर बसतो. काय केलंस, का केलंस, समोरचा काय म्हणाला, तू काय ऐकलंस, असे प्रश्न होतात. आमच्याकडे कोड लिहिला की दुसरा इंजिनिअर तो तपासतो. इथे स्वतःचं वागणंच तपासायला द्यायचं असतं.

विदर्भात या प्रश्नाचं उत्तर एका बाईने वेगळ्या वाटेने दिलं होतं. कमलाताई होस्पेट तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतपणं तर सुइणी करतच होत्या, मग त्यासाठी शिक्षण कशाला, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. पण बाळ-बाळंतिणीचा जीव वाचवायला मायेइतकीच स्वच्छता आणि ज्ञानही लागतं. पुढे याच मातृसेवा संघाने नागपुरात समाजकार्याचं महाविद्यालय काढलं, हा मला योगायोग वाटत नाही.

नंतर ही महाविद्यालयं विदर्भात पसरली. भंडारा जिल्ह्याच्या राजकारणातून पुढे आलेले आणि 1978 मध्ये राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झालेले नासिकराव तिरपुडे यांच्या नावाचं समाजकार्य महाविद्यालय नागपुरात आहे. भंडारा शहरातही असं महाविद्यालय आहे. गंमत म्हणजे राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण खात्याकडे नसून समाजकल्याणाच्या, म्हणजे आजच्या सामाजिक न्याय विभागाकडे राहिली. सरकारलाही हे शिक्षण आहे की कल्याण, हे नीट ठरवता आलं नसावं.

आणि आमच्या भागात पदवीवर नाव कुणाचं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. महाराजांचं शाळेतलं शिक्षण अगदी थोडं. खंजिरी, भजन, सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई एवढ्यावर त्यांनी विदर्भातल्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळं उभी केली. बाबा लहानपणी अशाच मंडळाच्या प्रार्थनेला जायचे. त्यांचा प्रश्न तिथून आला होता, हे मला उशिरा समजलं. त्यांनी सेवा पाहिली होती, पण तिची फी भरलेली पाहिली नव्हती.

तरुणांसोबतच्या कामाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये 1960 साली अल्बमार्ल समितीचा अहवाल आला. तरुणांसाठी काम करणारी माणसं कमी आहेत आणि ती तयार करावी लागतील, असं त्यात होतं. पुढच्याच वर्षी लेस्टरमध्ये एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे हा हळूहळू पात्रता लागणारा पेशा बनला. आपल्याकडे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, राष्ट्रीय सेवा योजना आली. 1972 मध्ये नेहरू युवा केंद्रं आली. कॉलेजात एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात मीही शोषखड्डे खणलेत. दोन्ही योजना चांगल्याच, पण त्यांचं तोंड दुसरीकडे आहे. तिथे प्रशिक्षित माणूस तरुणासाठी काम करतो. इथे तरुणाने देशासाठी काम करायचं असतं. त्या तरुणालाच काही हवं असेल तर त्याच्याजवळ कोणी बसायचं, हा प्रश्न आपण फारसा विचारलाच नाही.

बहिणीला दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी पवनी तालुक्यातलं एक पुनर्वसित गाव मिळालं. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 ला झालं. त्यात शेतं गेली, गावं हलली. त्यानंतर जन्मलेली मुलं आता पंचविशी-तिशीत आहेत. चौकात बसलेली ही मुलं पाहून बहिणीने व्यसनमुक्तीच्या पथनाट्याचा बेत आखला. मॅडमनी नोंदवही वाचून विचारलं, "त्यांनी मागितलं होतं का?"

ती पुढचे तीन आठवडे नुसती जाऊन बसली. फोनवर मला म्हणाली, "दादा, मी काहीच करत नाहीये, मार्क जाणार माझे." चौथ्या आठवड्यात एका मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. आजोबांच्या नावाचं प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र. शासकीय नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण प्रमाणपत्र आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले आणि हस्तांतर कसं करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. चौकातल्या बऱ्याच मुलांच्या घरी असाच एकेक कागद पडून होता.

इथे ती स्वतः अर्ज लिहून देऊ शकली असती. मी असतो तर तेच केलं असतं, एका रविवारी सगळे फॉर्म भरून मोकळा झालो असतो. तिने मुलांचा गट केला. एकाने कार्यालयात जाऊन कागदांची यादी आणली, दुसऱ्याने घराघरांतून संमतिपत्रं जमवली, लिहिता येणाऱ्याने बाकीच्यांचे अर्ज लिहिले. एकदा हेलपाटा फुकट गेला, तेव्हा ती सोबत गेली, पण बोलली मुलंच. अकरा अर्ज दाखल झाले. तिचं क्षेत्रकार्य संपेपर्यंत चार प्रमाणपत्रं हातात आली होती. उरलेल्यांसाठी मुलं तिच्याशिवाय फेऱ्या मारत होती. पुस्तकात याला गटकार्य म्हणतात. समाजसेवा आणि समाजकार्य यांतला फरक मला त्या अकरा अर्जांनी शिकवला. सेवेत मी काय दिलं ते मोजतात. कार्यात मी निघून गेल्यावर काय उरलं ते मोजतात. आणि गप्प बसून ऐकायला, हात आखडता घ्यायला शिकावं लागतं. ते कुणालाही जन्मतः येत नाही, मला तर अजून येत नाही.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे. उत्तर नाही ते पुढच्या प्रश्नाला. वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला मेडिकल कौन्सिल आहे. समाजकार्य शिकलेल्यासाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात नाही. शासकीय योजनांमधली समुपदेशकांची, समन्वयकांची बरीच पदं कंत्राटी असतात. सेवा करणारा पैसे मागत नाही, ही आपली जुनी श्रद्धा पगारपत्रकापर्यंत येऊन पोचली आहे. त्यागाचा आदर करता करता आपण कामाची किंमत पाडली.

बहीण आता एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर आहे. तिचा पगार माझ्या पुण्यातल्या घरभाड्याहून कमी आहे. गेल्या दिवाळीत शेजारचे काका निराधार योजनेचा कागद घेऊन आले, तेव्हा बाबा अंगणातूनच म्हणाले, "थांबा, पोरगी येते. तिले विचारा, तिनं त्याचंच शिक्षण घेतलं हाय."

काका गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "तिचा करार कवा संपते?"

मार्चमध्ये, मी म्हणालो. मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.