उभयपार्श्वीय अंतर्गळाचा संकेतांक

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची सहावी आवृत्ती सिद्ध झाली. १८९३ मधील बर्तियाँ यांची मूळ यादी मृत्यूच्या कारणांची होती. सहाव्या आवृत्तीने जिवंत रोग्याच्या व्याधींचीही व्यवस्था लावली. अंतर्गळास, म्हणजे आज ज्यास सर्रास हर्निया म्हणतात त्या व्याधीस, ५६० व ५६१ हे अंक मिळाले. आतडे अडकले आहे की नाही, हा त्यांतील मुख्य भेद. व्याधी एका जांघेत की दोन्हींत, हे नोंदविण्यास तेथे जागा नव्हती.

ती जागा नवव्या आवृत्तीच्या अमेरिकन रूपांतराने १९७९ पासून पाचव्या अंकात करून दिली. १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत पार्श्वभेद चौथ्या स्थानी आला. जांघेतील अंतर्गळाच्या के ४० या वर्गात ०, १ व २ हे उपांक उभयपार्श्वीय व्याधीचे आहेत: अनुक्रमे अडथळा असलेली, कोथ झालेली आणि या दोहोंवाचूनची. ३, ४ व ९ हे ‘एकपार्श्वीय अथवा अनिर्दिष्ट’ व्याधीचे होत.

यातील ‘अथवा’ भाषेच्या अभ्यासकास खटकल्यावाचून राहत नाही. संस्कृतातील द्विवचन प्राकृतात लोपले. मराठीस द्वित्व ‘दोन्ही’सारख्या शब्दाने निराळे सांगावे लागते. ‘त्याला अंतर्गळ आहे’ या वाक्यावरून बाजू कळत नाही आणि ऐकणारा ती एकच धरून चालतो. संकेतावलीनेही मौनाचा अर्थ ‘एक’ असाच लावला. व्याकरणात निरुपद्रवी असलेली ही सोय गणनेत मात्र तशी राहत नाही. नागपूरच्या एखाद्या वॉर्डात केसपेपरवर ‘दोन्ही बाजू’ लिहावयाचे राहिले, की रोगी के ४०.९ मध्ये जाऊन पडतो. तेथून त्यास निवडून काढता येत नाही. म्हणजे या चुकीने उभयपार्श्वीयांची संख्या घटते, वाढत कधीच नाही. उलटपक्षी, डाव्याउजव्यासाठी के ४०.९ दोनदा लिहिणेही अयोग्यच, के ४०.२ एकदा पुरे.

सुश्रुतसंहितेत वृद्धिरोगाचे सात प्रकार सांगितले असून अंत्रवृद्धी हा त्यांपैकी एक आहे. तेथेही नावात बाजू नाही. चिकित्सेत मात्र विरुद्ध बाजूची शीर वेधण्याचा निर्देश आढळतो.

२०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीने बाजू रोगाच्या अंकातून पुन्हा बाहेर काढली. डीडी ५१ हा मूळ संकेत. डावी, उजवी वा उभय बाजू वेगळ्या जोडसंकेताने दाखवावयाची. प्रत्यय सुटून स्वतंत्र पद व्हावे, तसेच हे झाले. जोडसंकेत न लावल्यास व्याधी एकपार्श्वीयांत मोजली जात नाही. तिची बाजू केवळ अनुक्त राहते.