दुष्काळ, केडगाव आणि टपरीवरचा एक टोमणा

पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला २०२१ मध्ये कोरोनाने गेला. मागे बायको, दोन पोरं आणि रिक्षाचं कर्ज. कुटुंब ख्रिस्ती. पुढचे तीन महिने त्यांच्या मंडळीतल्या बायका पाळीपाळीने डबा घेऊन येत होत्या. (आपण चर्च म्हणतो, ते लोक मंडळी म्हणतात.) पोरांची फी वर्गणीतून भरली गेली. एका मावशींनी त्या बाईला शिवणकाम शिकवलं. आणि आम्ही बाकीचे गल्लीवाले? दाराआडून बघत होतो. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

परवा चहाच्या टपरीवर हे सांगितलं, तर एक जण म्हणाला, "अहो, यांचे पणजोबा असेच दुष्काळात भाकरीसाठी बाटले!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हे लिहितोय.

केडगाव माहीत असेल. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेवरचं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शाळेत आपण रमाबाईंबद्दल चार ओळी वाचतो: संस्कृत पंडिता, शारदा सदन, विधवांचं शिक्षण. त्यांची भूक त्या चार ओळींत नसते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष पत्करला होता. तीर्थयात्रा करायची, पुराणं सांगायची आणि मिळेल त्यावर गुजराण करायची, असं हे घर. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि उपासमारीत आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तर वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. आणखी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट लिहिली आहे. घरात विद्या होती, पण पोट भरेल असं हाताचं काम कोणालाच शिकवलेलं नव्हतं, आणि मोलमजुरी करायला कुळाचा अभिमान आडवा येत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर धर्माचा प्रभाव पाडला जातो म्हणून वादळ उठलं. 'केसरी'ने झोडपलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. हे लपवायचं कारण नाही. त्या वादाला त्या काळात अर्थ होता.

तीन वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. स्वतःचं घर ज्यात संपलं, तेच डोळ्यांसमोर पुन्हा चाललेलं. अनाथ, विधवा, टाकून दिलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या. इकडे पुण्यात प्लेग. (त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. माणुसकी एकाच धर्माची मक्तेदारी नव्हती, तेव्हाही नाही आणि आताही नाही.) शहरात नव्या मुलींना ठेवता येईना. सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतलेली होती, तिथे झोपड्या उभ्या केल्या. सुमारे ३०० मुली आल्या. मुक्ती उभी राहिली ती अशी.

मग १९०० चा दुष्काळ. आता गुजरात-काठेवाडातूनही मुली आल्या आणि वस्ती दीड हजारावर गेली. एवढ्यांना सांभाळलं कोणी? बाहेरून मदत आली, पैसे आले. पण नव्या मुलींना न्हाऊ घालणं, भरवणं, आजारात उशाशी बसणं हे काम केलं आधीच्या दुष्काळातून आलेल्या मुलींनी. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः हाडांचा सापळा होत्या, त्यांनी.

आणि तिथे नुसतं अन्नछत्र नव्हतं. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असं प्रत्येकीच्या हाताला काम दिलं गेलं. अंध मुलींना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवायची. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथल्या बायकांनीच छापलं. डोंगऱ्यांच्या घरात जे नव्हतं, ते लेकीने इथे प्रत्येकीला दिलं.

आता त्या टोमण्याकडे येतो. मुक्तीत भाकरी आणि प्रार्थना एकाच छताखाली होती, आणि तिथल्या कित्येक मुली ख्रिस्ती झाल्या, हे खरंच आहे. त्यावर चर्चा जरूर करा. पण "भाकरीसाठी बाटले" म्हणताना एक प्रश्न राहून जातो: त्या पोरींच्या गावात धान्याची कोठारं नव्हती का? भाऊबंद नव्हते का? सगळी दारं बंद झाल्यावर एक दार उघडलं, तर दोष आत जाणाऱ्या पोरीचा कसा? आणि आत गेल्यावर ती नुसती जेवून थांबली नाही. तिने पुढच्या पोरीला भरवलं. केवळ पोटासाठी आलेलं माणूस असं वागत नाही. कोणीतरी आपलं म्हटलेलं माणूस असं वागतं.

आमच्या गल्लीतली ती वहिनी आता ब्लाउज शिवते, हप्ते फेडते. मागच्या महिन्यात मंडळीतल्या एका घरात अपघात झाला, तेव्हा पहिला डबा तिच्याकडून गेला. मी विचारलं, "वहिनी, तुमचंच अजून कसंबसं चाललंय ना?" म्हणाल्या, "दादा, डबा येतोय हे कळलं की माणूस रात्री झोपतो. मला माहीत आहे ते."

टपरीवर तेव्हा बोललो नाही, म्हणून इथे बोललो. तुमच्या आजी-आजोबांनी दुष्काळातल्या काही आठवणी सांगितल्या असतील तर जरूर कळवा. तेव्हा कोणाचं दार उघडं होतं, तेही सांगा.